बी. कॉम.ची तीन वर्षे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे वाटणी ठरलेली असते. जास्त गुणांचा सायन्सला, कमी गुणांचा आर्ट्सला आणि मधला, किंवा ज्याच्या वडिलांचे दुकान आहे तो, कॉमर्सला. पुढे बी. कॉम. म्हणजे गाइड आणा, महिनाभर वाचा, पास व्हा! या समजुतीने आपल्या मुलांचे फार नुकसान केले आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. मी स्वतः बी. ए., बी. एड. परंतु शिक्षकांच्या पतपेढीच्या संचालक मंडळावर गेलो तेव्हा ताळेबंद समोर आला. तो वाचता यावा म्हणून अकरावीच्या पुस्तपालनापासून सुरुवात केली. त्या आधारावर बोलण्याचे धाडस करतो.

हा विषय आपल्याला परका नाही. हिशेब, जमा, बाकी, रक्कम हे शब्द मुळात अरबी. मराठी बाजारात ते केव्हाच रुळले. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात मांडली, पण तिथले व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. म्हणजे हे शास्त्र दुकानातून कॉलेजात गेले आहे.

तरीही पालक विचारतात, "गुरुजी, दुकानच सांभाळायचे, तर पदवी कशाला?" समजा, महिन्यात 1,00,000 रुपयांचा माल विकला. तो 80,000 रुपये रोख देऊन आणला होता. नफा 20,000. पण 30,000 ची उधारी राहिली, म्हणून हाती आले 70,000. वहीत नफा, आणि गल्ल्यात 10,000 रुपये कमी! बाप म्हणतो धंदा बसला, मुलगा म्हणतो फायदा झाला. दोघेही खरे बोलतात, आणि घरात भांडण होते. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पदवीच्या पहिल्याच वर्षी नीट उमगावयास हवे. कर्जासाठी गेलात की बँक ताळेबंद मागते. तिथे तोंडी हिशेब चालत नाही. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, तेव्हापासून तर बिलांची टाचण लावून भागत नाही.

विद्यार्थ्यांनो, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नका. एका गिऱ्हाइकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा केली, तरी तेरीज जुळतेच. गाइडमधले उत्तर पाठ करणाऱ्याला हे कधी कळत नाही. पेन्सिल घेऊन चूक शोधत बसणाऱ्याला कळते. म्हणून रोज दोन उदाहरणे, उत्तर झाकून. टॅली जरूर शिका, पण शीतकपाटाची खरेदी मालमत्तेत धरावयाची की खर्चात, हे संगणकाला तुम्हीच सांगावयाचे असते. उर्दू माध्यमातून आलेल्यांनी एका वहीत इंग्रजी, उर्दू, मराठी असे तीन रकाने करून शब्द लिहावेत. पहिले सहा महिने जड जातात, ते बहुतेक या शब्दांमुळेच.

सी. ए. व्हावयाचे असेल तर बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा आहे. वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण असल्यास ती न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदविता येते. ज्याला कमावल्याशिवाय गत्यंतर नाही, त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

आता पालकांना थोडे कडू सांगतो. पुस्तपालनात उत्तम गुण मिळविणारी मुलगी बारावीनंतर घरी बसते आणि ज्याला जमा-नावे कळत नाही त्या भावाला फी भरून कॉलेजात धाडले जाते. हा तुमच्याच घरचा तोट्याचा व्यवहार आहे. आणि जो मुलगा कॉलेजात जातो, त्याला परीक्षेच्या महिन्यात तरी रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसवू नका.

रविवारी सकाळी मी शाळेत असतो. ज्यांची तेरीज जुळत नाही त्यांनी वही घेऊन यावे. दुकानदार पालकांनी उधारीची वही आणली तरी चालेल. गिऱ्हाइकांच्या नावांवर मात्र कागद चिकटवून आणावा.