सुलट एक, उलट एक



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर विणकामासारखा घरगुती विषय मांडताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु देवनहळ्ळीच्या परिसरात विखुरलेल्या आम्हां भगिनींना या दोन सुयांनीच एकत्र आणले, हे सांगितलेच पाहिजे.

2008 साली येथे विमानतळ सुरू झाला. त्यानंतर आमच्यापैकी अनेकींचे बिऱ्हाड या बाजूस आले. घरे दूरदूर, शेजार परका. तेव्हा महिन्यातील एका रविवारी लोकरीची पिशवी घेऊन जमावे, असे ठरले.

माहेरचे नमुने येथे जसेच्या तसे उपयोगी पडेनात. सुमारे 900 मीटर उंचीवरील या प्रदेशात थंडी बेताचीच, उन्हाळाही विदर्भासारखा भाजून काढीत नाही. म्हणून आम्ही ऋतुमानाप्रमाणे पाठ आखले. उन्हाळ्यात सुती धाग्याची जाळी : दोन टाके एकत्र विणावेत आणि सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा, छिद्र पडते, पण टाक्यांची संख्या तीच राहते. पावसाळ्यात मोजे व त्यांची टाच वळविण्याचे कसब. दिवाळीनंतर बाळाचे टोपडे आणि बिनबाह्यांचा स्वेटर. एका नमुन्यात एकच नवी गोष्ट शिकायची, हा आमचा दंडक.

31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत शेकडो हातांनी विणलेल्या चौकोनांचे 11,148.5 चौरस मीटरांचे क्रोशाचे पांघरूण मांडले गेले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ती वार्ता आठवून आम्हीही एका वृद्धाश्रमासाठी पांघरूण करावयास घेतले. लोकर एक, सुया 8 नंबरच्या, टाके प्रत्येकी 40. तरीही चौकोन एकत्र मांडले तेव्हा एकासारखा दुसरा नव्हता! ज्याच्या त्याच्या हाताचा ताण निराळा. सर्वांत सैल चौकोन आमच्यातील सर्वांत वयोवृद्ध काकूंचे होते. त्यांची बोटे थरथरतात. कोणीतरी सहज म्हणून गेले, "हे उसवावे लागतील." काकूंनी मुकाट्याने धाग्याचे टोक शोधावयास आरंभ केला. त्या क्षणी आम्हां सर्वांस आपलीच लाज वाटली.

आम्ही त्यांचा हात धरला. मग दहा सेंटीमीटरांत प्रत्येकीचे किती टाके बसतात, हे मोजले. जे प्रारंभीच करावयास हवे होते. काकूंना 10 नंबरच्या सुया दिल्या. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि बारीक सुईवर वीण आवळली जाते. लहान चौकोनांस क्रोशाचा रुंद गोट घालून मोठ्यांच्या बरोबरीस आणले. काकूंचे ते पहिले चौकोन पांघरुणाच्या मध्यभागी बसले. उसवला एकही नाही.

आता आमच्या मुली-नातीही येऊन बसतात. घरी इंग्रजीत उत्तर देणारी एक चिमुरडी परवा काकूंना विचारीत होती, "आजी, आता सुलट की उलट?" आणि काकू तिच्याकडून एकोणचाळीस, चाळीस असे टाके मराठीत मोजून घेत होत्या.

घरापासून दूर आलेल्या माणसांचा ताणही असाच कमीअधिक असतो. त्यास सांभाळून घेणारा गोट म्हणजे आपले हे मंडळ. पुढील पन्नास वर्षे तो असाच रुंद राहो, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.