गाठीला रक्त कोण पुरवतं?

आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल बोलू या. आपल्याकडे शौचाचा विषय चारचौघांत काढत नाहीत, आणि त्यामुळेच हा आजार बऱ्याचदा उशिरा कळतो.

कोणत्याही पेशीला जगायला प्राणवायू लागतो, आणि तो रक्तातून येतो. आतड्यातली गाठ एक-दोन मिलिमीटरची असते, तोवर शेजारच्या रक्तवाहिन्यांतून झिरपेल तेवढ्यावर तिचं भागतं. त्यापुढे वाढायचं तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात. प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते जवळच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचलं की तिला गाठीच्या दिशेने नवे फाटे फुटतात. जखम भरताना आपलं शरीरही हेच करतं, पण काम झालं की थांबतं. गाठ थांबत नाही. घाईत झालेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांतून कॅन्सरच्या पेशी रक्तात शिरू शकतात. आतड्याचं रक्त आधी यकृताकडे जातं, म्हणून हा कॅन्सर पसरला तर पुष्कळदा यकृतात सापडतो.

ही रसद तोडली तर गाठ रोखता येईल, असं बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. तेव्हा ते फारसं कुणाला पटलं नाही. पुढे २००४ साली अमेरिकेत बेव्हॅसिझुमॅब, म्हणजेच अ‍ॅव्हास्टिन, या औषधाला पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. हे औषध व्हीईजीएफला धरून ठेवतं. त्याच्या मुख्य चाचणीत नुसत्या केमोवर रुग्ण साधारण १५.६ महिने जगले, तर केमोसोबत हे औषध घेणारे २०.३ महिने. म्हणजे वेळ वाढला, पण आजार मुळापासून गेला नाही.

तुमच्या घरी कुणी हे औषध घेत असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. रक्तदाब वाढू शकतो, तो नियमित मोजा. आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून कोणतंही ऑपरेशन, अगदी दात काढायचा असला तरी, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. अचानक पोटात जोरात दुखलं किंवा रक्तस्राव झाला, तर थेट इमर्जन्सीत जा.

आता बाकीच्यांसाठी. गाठ वाढण्याआधी ती पॉलिपच्या रूपात असते, आणि कोलोनोस्कोपी करतानाच पॉलिप काढून टाकता येतो. अमेरिकेत ही तपासणी वयाच्या ४५ पासून करावी, असा सल्ला आहे. घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर त्याहूनही लवकर. कोलोनोस्कोपीची धास्ती वाटत असेल, तर घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायची चाचणीही असते. ती दरवर्षी करायची, आणि रक्त आढळलं तर मात्र कोलोनोस्कोपी टाळायची नाही.

शेवटी एक सांगते. शौचातून रक्त गेलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून देऊ नका. भारतात असलेल्या आईबाबांना फोनवर ‘जेवलात का’ विचारता, तसंच हेही विचारा. विशेषतः बाबांचं हिमोग्लोबिन कमी आलं असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त कुठे जातंय, ते डॉक्टरांना शोधायला सांगा.