दात्याचा रक्तद्रव आणि विषाणूचे नवे अवतार
(नभोवाणीवरील भाषण)



जो मनुष्य एखाद्या रोगातून उठतो, त्याच्या रक्तात त्या रोगाशी झुंजलेली शक्ती शिल्लक राहते. ती शक्ती दुसऱ्या रोग्याच्या अंगी उतरविता येईल काय? १८९० साली बर्लिन येथे बेरिंग आणि किटासाटो या दोघा शास्त्रज्ञांनी प्राण्यांवर प्रयोग करून या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. पुढे घटसर्पाने गुदमरणारी कितीतरी मुले या विद्येने वाचली आणि १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले. २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा हाती खात्रीचे औषध नव्हते. साहजिकच डॉक्टरांची दृष्टी या जुन्या उपायाकडे वळली. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील पेशी वगळल्या म्हणजे जो पिवळसर द्रव उरतो, तो रोग्याच्या शिरेत सोडावयाचा. त्याचे प्लाझ्मा हे नाव तेव्हा घरोघरी पोचले.

२०२१ च्या उन्हाळ्यात या प्लाझ्माच्या एका पिशवीसाठी आपल्या शहरांतून माणसे रात्रीबेरात्री वणवण हिंडली. त्या धावपळीचे चीज झाले काय, हा प्रश्न आज शांतपणे विचारला पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० सालीच ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर याची परीक्षा घेतली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी शेकडा १९ जणांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा १८ होते. म्हणजे फरक असा नाहीच. इंग्लंडात साडेअकरा हजारांवर रुग्णांची अशीच तुलना झाली. दोन्ही गटांत शेकडा २४ मृत्यू झाले. अखेर मे २०२१ मध्ये हा उपचार आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला.

मग मूळ तत्त्वच खोटे होते की काय? तसे म्हणता येत नाही. अर्जेंटिनात १६० वृद्धांना लक्षणे दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत, प्रतिपिंडांनी समृद्ध असा प्लाझ्मा वा निव्वळ क्षारजल देण्यात आले. क्षारजल मिळालेल्यांत शेकडा ३१ जणांना श्वसनाचा गंभीर विकार झाला, प्लाझ्मा मिळालेल्यांत शेकडा १६ जणांना. विषाणूची वाढ पहिल्या काही दिवसांतच जोमाने होते. पुढे फुप्फुसांची जी हानी होते, तिला शरीराचा स्वतःचाच क्षोभ बराचसा कारण असतो. घर जळून गेल्यावर पाण्याचा बंब आणावा, तशी आपली गत पुष्कळदा झाली.

वेळेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे दात्याचा विषाणू आणि रोग्याचा विषाणू यांचे साम्य. सर्पदंशावरील औषधाचे उदाहरण घ्या. घोड्याला थोडथोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ते तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींचे विष त्यासाठी वापरावे लागते. कारण एका विषाचा उतारा दुसऱ्या विषाला चालेलच असे नाही. विषाणूचे तर याहून कठीण. तो वर्षभरातच आपले रूप पालटतो. त्याच्या अंगावरील ज्या काट्यांना प्रतिपिंडे चिकटतात, नेमके तेच काटे बदलतात.

याची प्रचीती दक्षिण आफ्रिकेत आली. तेथे बीटा नावाचा अवतार पसरला, तेव्हा पहिल्या लाटेतून बऱ्या झालेल्या ४४ जणांचा रक्तद्रव त्यावर तपासून पाहिला. त्यांपैकी २१ नमुन्यांत नव्या विषाणूला निकामी करण्याचे सामर्थ्य मुळीच आढळले नाही. अमेरिकेतील पाहणीतही, १५० मैलांच्या आतील दात्यांचा प्लाझ्मा ज्यांना मिळाला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लांबच्या प्लाझ्मापेक्षा कमी दिसले. स्थानिक विषाणूला स्थानिक उतारा, असा याचा अर्थ लावता येतो. मात्र ती केवळ पाहणी होती, रीतसर प्रयोग नव्हे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन प्रकटला आणि लस न घेतलेल्या जुन्या दात्यांचा प्लाझ्मा बहुतांशी निष्प्रभ ठरला. प्रयोगशाळेत बनविलेली, एकाच जातीची प्रतिपिंडेही एकामागून एक निकामी झाली. परंतु येथेच एक विलक्षण गोष्ट दिसून आली. ज्यांना रोग होऊन गेला होता आणि ज्यांनी लसही घेतली होती, त्यांचा रक्तद्रव कधी न पाहिलेल्या ओमिक्रॉनलाही बऱ्यापैकी आवरू शकला. एकजातीय प्रतिपिंड म्हणजे एकच किल्ली. कुलूप बदलले की ती फुकट. रक्तद्रव हा किल्ल्यांचा जुडगा आहे. जुडगा मोठा असला, तर एखादी किल्ली नव्या कुलपालाही लागते.

हा जुडगा आज कोणाच्या उपयोगी? धडधाकट माणसाला त्याची गरज सहसा पडत नाही. परंतु रक्ताचा कर्करोग झालेले किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे पुष्कळ रुग्ण असे असतात, की लस घेऊनही त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये प्लाझ्माची परवानगी अशा दुर्बल रुग्णांपुरती मर्यादित केली आणि त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मोठे असलेच पाहिजे, अशी अट घातली.

तेव्हा पुढे कधी नवी साथ आली आणि दारोदार रक्तद्रवाची मागणी होऊ लागली, तर सुजाण कुटुंबाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. रोग सुरू होऊन किती दिवस झाले? या पिशवीतील प्रतिपिंडे मोजली आहेत काय? आणि दाता कोणत्या लाटेतला आहे? गोठवलेला रक्तद्रव वर्षभर टिकतो. विषाणू मात्र वर्षभर एका रूपात टिकेल याचा भरवसा नाही. दान करणाऱ्याची भावना नेहमीच थोर असते. ते दान सत्पात्री पडावे एवढेच पुरेसे नाही. ते योग्य वेळी आणि योग्य शत्रूवर पडले, तरच त्याने प्राण वाचतील.