ताटातला हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय विहाराच्या व्यासपीठावर ऐकायची आपल्याला सवय नाही. विषय आहे वाढलेले वजन. हसू नका. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पोट सुटलेला माणूस म्हणजे सावकार नाहीतर पाटील. आपल्या माणसाच्या पोटाची चिंता निराळी होती. आज भोसरी-चाकणला पाळी करणाऱ्यांच्या घरोघरी शुगरच्या गोळ्यांचे पाकीट दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगितले. खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतोच.

डॉक्टर सांगतात, वजन उतरवा, रोज तासभर चाला. ज्याला दत्तगड चढता येतो त्याने जरूर चढावा. पण ज्याचे आयुष्य यंत्रापुढे उभे राहून गेले आणि आता गुडघे बोलतात, जो रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, जी माउली चार घरची धुणीभांडी करून थकते, त्यांनी काय करावे? व्यायाम जमत नाही म्हणजे वजन उतरणारच नाही, असे समजून आपण हातपाय गाळून बसतो. आमचे आजचे सांगणे एवढेच की, वजन मुख्यतः ताटात उतरते. व्यायाम जमला तर सोन्याहून पिवळे; नाही जमला तरी मार्ग बंद नाही.

याला आधार लांबून आणायला नको. संयुक्त निकायाच्या कोसलसंयुत्तात राजा पसेनदीची हकीकत आहे. हा राजा एका वेळी द्रोणभर भात खात असे. जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला ना औषध दिले, ना कुस्तीच्या आखाड्यात धाडले. जेवणात मात्रा ओळखावी, या अर्थाची एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाचा तरुण राजाच्या मागे उभा होता. राजाने त्याला ती पाठ करायला लावून रोज ताट आले की म्हणण्याचे काम दिले, वर दिवसाला शंभर कहापण वेतन ठरवले. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर आणखी बारीक तपशील आहे. शेवटचा घास टाकायचा, त्यात भाताची शिते किती ती मोजायची आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. असे हळूहळू करीत राजा नाळीभर भातावर आला आणि सडपातळ झाला.

बंधूंनो, यात तीन गोष्टी आहेत. मोजमाप केले. एकदम उपास न धरता घासाघासाने कमी केले. आणि जेवताना आठवण करून द्यायला माणूस ठेवला. आजचे आहारशास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही. फक्त शितांच्या जागी कॅलरी आली.

कॅलरी म्हणजे काय? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात, बोलताना आपण कॅलरीच म्हणतो. एक ग्रॅम पीठ-साखरेत चार, एक ग्रॅम प्रथिनात चार आणि एक ग्रॅम तेलात नऊ. एवढे तीन आकडे पाठ केले तरी पुष्कळ झाले.

कामगार चळवळीतल्या माणसाला हा शब्द नवा नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले. त्यात डॉ. आक्रॉइड यांच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दिवसाला २७०० कॅलरी धरल्या होत्या. पुढे १९७१ साली आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी २२५० कॅलरीवर दारिद्र्याची रेषा आखली. म्हणजे आपल्या ताटात किती कमी पडते हे दाखवायला हे माप वापरले गेले. वेतन मागताना जे माप आपण मालकापुढे ठेवले, तेच आता स्वतःच्या ताटापुढे ठेवायचे आहे.

कारण २७०० चा आकडा कष्ट करणाऱ्या अंगाचा होता. तेव्हा कामगार सायकल मारीत कामावर जात असे आणि दिवसभर ओझी उचलीत असे. आता दारात मोटारसायकल आहे, खात्यात बटणाचे यंत्र आहे. अंगाची गरज उतरली, ताट मात्र होते तसेच राहिले. उलट त्यात फरसाण आणि थंड पेयाची बाटली वाढली. जे जळत नाही ते पोटावर साठते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरीचा साठा.

आता चालण्याचा हिशेब पाहा. साठ-पासष्ट किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगाने चालला तर साधारण २०० ते २५० कॅलरी जळतात. कंपनीच्या फाटकाबाहेरचा एक वडापाव सुमारे ३०० कॅलरीचा. दिवसाला सहा कप चहा आणि कपात दोन चमचे साखर धरली, तर साठ ग्रॅम साखर म्हणजे २४० कॅलरी झाल्या. जे चालायला एक तास लागतो, ते न पिण्याला एक मिनिटही लागत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, आधी ताट धरा.

कोणी म्हणेल, आम्ही काय तराजू घेऊन जेवायला बसायचे? नाही. आपल्या घरात मोजमाप आधीच लिहिलेले आहे, ते म्हणजे महिन्याचा किराणा. समजा घरात चार माणसे आहेत आणि महिन्याला पाच लिटर तेल, पाच किलो साखर लागते. भागाकार करा. तेलाच्या माणशी रोज सुमारे ३४० कॅलरी होतात, साखरेच्या सुमारे १६५. आता तेल तीन लिटरवर आणि साखर तीन किलोवर आणा. माणशी रोज सुमारे २०० कॅलरी वाचतात, आणि अर्धी भाकरीसुद्धा कमी केलेली नाही! हा बदल टिकवला तर जाड माणसाचे वजन पहिल्या वर्षात चार-पाच किलोने उतरू शकते. पुढे उतरण्याचा वेग मंदावतो, तो देहाचा धर्म आहे; तेव्हा निराश होऊ नये. पाऊणशे किलोच्या माणसाने चार किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली २००० कॅलरीचे दिवसाचे ताट सांगितले आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम आहे. आपल्या ताटाशी ताडून पाहा. आपल्याकडे भाताचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी वाटीभर पातळ वरण. ते उलटे करायचे. भात एक मूद कमी, मटकी-हरभऱ्याची उसळ एक वाटी जास्त. अंडे, सुकट, बोंबील असेल तर उत्तम. व्यायाम न करता वजन उतरवणाऱ्याने डाळ-अंडे मुळीच तोडू नये, नाहीतर चरबीबरोबर मांसही झडते आणि माणूस बारीक न होता अशक्त होतो. निदान खुर्चीवरून दहा वेळा उठबस करावी, तेवढे गुडघ्यांना सोसेल तर.

“आम्ही कुठे जाड आहोत?” असेही काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी पुण्यातलेच उदाहरण देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी आत चरबी बाळगतो. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, बाईची ८० म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढे गेली की हिशेबाला लागा.

आता इशारा नीट ऐका. वाढीची मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, क्षयाचे औषध घेणारे, आधीच रोडावलेले वृद्ध, यांच्या ताटाला हात लावायचा नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकाएकी उतरून चक्कर येते. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घाई नको. दिवसाला १२०० कॅलरीच्या खाली डॉक्टरच्या देखरेखीशिवाय कोणी जाऊ नये.

आणि शेवटची, आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बायांत २४ जणी जास्त वजनाच्या निघाल्या, १९ जणी कमी वजनाच्या आणि ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात हे दोन्ही असते. नवऱ्याचे पोट सुटलेले आणि सून मात्र सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी. तेव्हा वही घालाल तर ती साऱ्या घराची घाला. ज्याचे जास्त त्याचे कमी करा आणि जिचे कमी तिच्या ताटात आधी वाढा. समतेची भाषा आपण चौकात बोलतो, ती स्वयंपाकघरात नको का?

पसेनदी राजाला आठवण द्यायला पगारी माणूस ठेवावा लागला. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्याला नातवंडे आहेत. “आजोबा, तिसरा चहा,” एवढे ते नक्की सांगतील. आपण फक्त रागवायचे नाही. महिला मंडळाने प्रत्येक पौर्णिमेला विहारात वजनकाटा आणि टेप ठेवावी, ज्याने-त्याने आपला आकडा आपल्या वहीत लिहावा, दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये, अशी आमची समितीला विनंती आहे.

आज भोजनदान आहे. पोटभर जेवा, पण भात वाढणाऱ्याला हात आडवा करायला विसरू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!