कंबरेला करंट : खरे किती, खोटे किती?



वेचणी सुरू झाली की घरोघर एकच बोलणे, कंबर धरली. दिवसभर ओटी बांधून वाकायचे आणि त्यातच ज्वारीची कापणी. मग कोणी सांगतो, चिकटपट्ट्यांचे करंटचे यंत्र घ्या, दुखणे मुळासकट जाते. डॉक्टर त्याला 'टेन्स' म्हणतात. बियाणे घेताना आपण चार जणांना विचारतो. मग हे यंत्रही तपासून घेऊ.

यामागचे शास्त्र खोटे नाही. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की, दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागते. ठेच लागली की आपण बोट चोळतो. चोळल्याची जाणीव जाड नसांतून येते आणि दुखण्याचे फाटक थोडे लोटले जाते. टेन्स तेच काम विजेच्या बारीक ठोक्यांनी करते. पण फाटक लोटले म्हणजे दुखण्याचे कारण गेले का? नाही. यंत्र चालू आहे तोवर काहींना उतार पडतो, बंद केल्यावर दुखणे बहुधा परत येते. जुनाट कंबरदुखीसाठी हा उपाय नेहमीचा म्हणून वापरू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. तिचा भर व्यायामावर आणि दुखणे समजून घेण्यावर आहे.

तरी कोणाला वापरायचेच असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारून वापरा. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी हात लावू नये. गरोदर बाईच्या पोटाकमरेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर किंवा बधिर कातडीवर पट्टी लावू नये. आणि घरच्या लाइनचा किंवा कुंपणाच्या झटका मशीनचा करंट अंगाला लावण्याचा प्रयोग कोणीही करू नये. तो जीव घेईल.

पायातला जोर गेला, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर यंत्र, मालीश सगळे सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

आता मुद्द्याचे. ओटी जड होण्याआधी रिकामी करा, मधूनमधून ताठ उभे राहा, हे आपल्या हातात आहे. पण कंबर मोडेपर्यंत वाकायला लावतो कोण? सरकारी उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतात. घरच्या माणसांची मजुरीही कागदावर मांडतात. झिजलेल्या मणक्याचा घसारा मात्र कोणत्याच रकान्यात नाही. इंजिन बिघडले तर दुरुस्तीचा खर्च हिशेबात येतो, बाईची कंबर गेली तर तो तिचा भोग ठरतो.

म्हणून आपण दोन गोष्टी ठरवू. प्रत्येक गावाने वेचणीच्या हंगामातला औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेले दिवस वहीत लिहायचे. आणि पुढच्या जिल्हा बैठकीत ती वही घेऊन भावाच्या मागणीला बसायचे. कंबरेचा खरा इलाज त्या हिशेबातून सुरू होतो.