पत्रा बसायला हवा

मिस्त्री मंडळींनो आणि जुन्या गाड्या जपणाऱ्या मालकांनो,

समोरच्या टेबलावर पद्मिनी गाडीचा दरवाजा ठेवला आहे. नवा, काळा प्रायमर मारलेला. मालवणच्या एका गाडीसाठी तो मी मुंबईहून मागवला. बिजागरीची भोकं जुळली, पण फट वर 4 मिलिमीटर आली आणि खाली 9. काही वर्षांपूर्वी असाच एक दरवाजा मी ठोकून, वाकवून बसवला होता आणि उरलेली तफावत लांबीने भरली होती. दोन पावसाळ्यांत लांबी फुगली आणि खालून गंज निघाला. मालकाचे पैसे मी परत केले. गाडीचा मूळ दरवाजा मात्र मी भंगारात घातला होता, तो कुठून आणणार? ती खंत अजून आहे. माझे वस्ताद म्हणायचे, ‘पत्रो बसाक होयो, बसवूक नको.’

म्हणून या वेळी हातोडीआधी टेप घेतली. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, तर 6 मिलिमीटरचा फरक! म्हणजे दोष एकट्या दरवाज्याचा नव्हता. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. दाराखालचा उंबरठा खाऱ्या हवेने आतून खाल्ला की पेटी मधोमध दबते आणि चौकट तिरकी होते. अशा गाडीला कारखान्यातला अस्सल दरवाजाही बसणार नाही. आधी आतून पाइप टाकून पेटी धरा, एका वेळी एकाच बाजूचा उंबरठा कापा, कर्ण जुळवा, आणि मगच नव्या पत्र्याला नावं ठेवा.

नावं ठेवायला जागा आहेच. कारखान्यात पत्रा डायमध्ये दाबतात. दाब सुटला की तो थोडा उलटतो आणि डाय करणारा ते आधीच हिशेबात धरतो. आज बाजारात मिळणारा भाग बहुधा एखाद्या जुन्या, एकदा ठोकलेल्या दरवाज्यावरून उतरवलेला असतो, त्यामुळे त्याचा पोचाही नकलेत येतो. इंग्लंडमध्ये एमजीबी या जुन्या गाडीची अख्खी पेटी 1988 पासून मूळ डायांवर पुन्हा बनू लागली. आपल्या हाताशी तशा डाय नाहीत.

टेबलावरच्या या दरवाज्याच्या तळाशी हात फिरवून पाहा. पाणी जायची भोकंच नाहीत. काचेच्या कडेने पाणी आत उतरणारच, आणि देवबाग-तारकर्लीच्या वाऱ्यात ते दुमडीत साचलं की पत्रा आतून सडतो, बाहेरचा रंग कितीही चकचकीत असो. असा भाग आला तर रंगाआधी भोकं पाडा, काळा प्रायमर खरवडून पत्रा उघडा करा आणि दुमड आतून सील करा. गिऱ्हाईक घाई करेल. त्याला थांबवा.

केंद्राच्या 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आहे, आणि चासी, पेटी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत. म्हणून शक्य तिथे मूळ पत्रा वाचवा, सडलेला तेवढाच तुकडा कापून नवा जोडा. पूर्ण दरवाजा बदलणं हा शेवटचा उपाय असू दे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. न ठोकलेल्या पद्मिनी कुठे असतील, तर चाकरमान्यांनी गावी आणून मांगरात ठेवलेल्या. त्याही दर पावसाळ्यात सडत आहेत. होडी बांधणारा सुतार फळी कापण्याआधी फर्मा लावतो. आपणही या गाड्यांचे फर्मे काढून ठेवूया, प्रत्येक दाराचे, बोनेटचे, डिकीचे, वर मापं लिहून. पुढे कुणी भाग बनवायला घेतला, तर त्याच्या हातात पोचा पडलेला नमुना नको, फर्मा हवा.

एका मालकाने आपली पद्मिनी मागच्या अंगणात आणून दिली आहे. तिच्या डाव्या दाराला आजवर हातोडी लागलेली नाही. पुठ्ठे, कातर आणि पेन्सिली मी आणल्या आहेत. जेवण झालं की सुरू करू.