खोकला, तुकडा आणि "शेक": घाबरण्याआधी समजून घेऊ
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत दिलेली माहिती)



बचत झाली, कर्जफेड झाली. आता दहा मिनिटं आपल्या छातीविषयी बोलू. मागच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं होतं, "फुफ्फुसाच्या कॅन्सरला शेक देतात म्हणे. त्यानं माणूस आतून जळतो काय गं?" विचारलं एकीनं, पण माना साऱ्यांनीच हलवल्या.

आधी हे ऐका. हा आजार फक्त बिडी ओढणाऱ्यांचा नाही. तंबाखूचा धूर हे सगळ्यात मोठं कारण आहेच. पण कधी बिडीला हात न लावलेल्या बाईलाही तो होतो. घरातला माणूस ओढतो, धूर आपल्याही छातीत जातो. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीचा धूरही संभाव्य कारणांत धरला आहे. उज्ज्वलाचा गॅस २०१६ पासून आला, तरी सिलिंडर महाग म्हणून चूल पेटतेच. निदान चूल उघड्यावर घ्या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. थुंकीत रक्त, वजन घटणं, दम लागणं ही लक्षणं टीबीत असतात तशी कॅन्सरमध्येही असतात. एक्स-रेवरचा डागही कधी सारखाच दिसतो. म्हणून थुंकीत टीबी निघाला नाही, किंवा गोळ्या घेऊनही फरक नाही, तर डॉक्टरांना विचारा, "सीटी स्कॅन करायचा का?" आपला जिल्हा हळदीचा. हळद-दूध खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर महिने घालवू नका.

सीटीत गाठ दिसली तर दुर्बिणीतून किंवा सुईनं तुकडा काढतात. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीपायी कितीतरी जणी इथूनच परत फिरतात. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का आणि कोणत्या प्रकारचा, हे कळत नाही. ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही. तुकड्याच्या जनुक तपासणीवरून काहींना तर गोळ्यांचा इलाजही मिळतो.

आता शेक, म्हणजे रेडिओथेरपी. एक्स-रे काढताना जसं काही जाणवत नाही, तसंच इथंही. आधी सीटी काढून गाठीचा नकाशा करतात, श्वासाबरोबर गाठ किती हलते तेही बघतात. छातीवर खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत. मग मशीन वेगवेगळ्या बाजूंनी किरण गाठीवर नेमके सोडतं.

गाठ लहान असेल आणि ऑपरेशन झेपत नसेल, तर जोरदार पण नेमका शेक साधारण ३ ते ८ वेळा देतात. गाठ मोठी पण छातीपुरतीच असेल, तर बहुधा केमोसोबत आठवड्याला ५ दिवस, असे सुमारे ६ आठवडे. आजार हाडात, मेंदूत गेला असेल तर दुखणं कमी करायला १ ते १० वेळा. म्हणून न लाजता विचारा, "हा इलाज बरं करायला आहे की त्रास कमी करायला?" दोन्ही इलाज मोलाचेच, पण घरच्यांना खरं माहीत असावं.

थकवा येतो, गिळताना दुखतं, कातडी काळवंडते. शेक संपल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दम, कोरडा खोकला वाढला तर लगेच दाखवा. अंगात किरण उरत नाहीत. नातवाला मांडीवर घ्या. आणि ताट-वाटी कुणीही वेगळी करू नका, हा आजार लागट नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईला परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे.

पण सहा आठवडे परगावी राहायचं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडायची. सोयाबीन काढणी आली की बाई म्हणते, "राहू दे, पुढं बघू." शेक मध्येच तुटला तर उरलेल्या गाठीला वाढायला सवड मिळते. इथं गट कामाला येतो. अंतर्गत कर्जात आजारपणाला पहिला नंबर द्या, तिच्या हप्त्याला मुदत द्या, तिचं रान आळीपाळीनं सांभाळा. तसा ठराव आजच लिहा.

आणि घरी गेल्यावर बघा, दोन आठवड्यांपासून कोण खोकतंय. ती तुम्ही स्वतः असाल तरी नाव सांगा. एकटीनं जाऊ नका, गटातली एक जण सोबत न्या.